एका हमालाची पदके



सातारा जिल्ह्यात आणि खाली कोकणात काही गावे अशी आहेत, की तेथे एखाद्या जुन्या भिंतीत किंवा चौथऱ्यावर एक लहानशी दगडी पाटी बसवलेली आढळते. पहिल्या महायुद्धानंतर त्या वेळच्या इंग्रज सरकारने या पाट्या बसवल्या. मजकूर अगदी थोडका. या गावातून महायुद्धावर इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले. बस्स. दोन आकडे, नाव एकाचेही नाही. शाळेची सहल त्या बाजूला गेली, की मुले हटकून विचारतात, "गुरुजी, हे लोक कोण?" गुरुजी काय सांगणार? पाटीला ते ठाऊक नाही. ठाऊक असलेच तर कुठल्या तरी दप्तराला.

आज मी त्या दप्तराविषयीच बोलणार आहे. शिपाई लढतो, जखमी होतो, घरी येतो आणि एक दिवस मरून जातो. त्याने जे केले ते दप्तरात नीट उतरले असेल तर ठीक. पण उतरलेच नसेल तर? त्याच्या हक्काची पदके त्याच्या नावावर चढलीच नसतील तर? माणूस गेल्यावर ती चढवता येतात का? कोणी चढवायची, आणि कशाच्या आधारावर? ज्यांच्या घरातून दोन-दोन, तीन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या, त्यांना हे प्रश्न परके नाहीत. तरी उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हांला जरा लांब, थेट अमेरिकेत नेणार आहे. कारण तेथे एका शिपायाच्या बाबतीत हा सगळा व्यवहार आरंभापासून शेवटापर्यंत पाहायला मिळतो. तो पुरा व्हायला सत्त्याण्णव वर्षे लागली.

त्या शिपायाचे नाव हेन्री जॉन्सन. वर्णाने काळा, म्हणजे ज्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून विकले गेले, त्या समाजातला. जन्म दक्षिणेकडच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. पोरवयातच तो पोटासाठी उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी शहरी आला. मिळेल ते काम केले आणि शेवटी तेथल्या रेल्वे स्टेशनावर हमाल झाला. आपल्याकडे स्टेशनावरचा हमाल लाल सदऱ्यावरून ओळखू येतो, तिकडे तो लाल टोपीवरून ओळखत. अंगाने हा गडी लहानखुरा होता. १९१७ च्या जूनमध्ये तो सैन्यात भरती झाला.

त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगवेगळ्या असत. काळ्या माणसाच्या हाती बंदुकीपेक्षा फावडे देण्याकडे वरिष्ठांचा कल. जॉन्सनची पलटण, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतून उभारलेली ३६९ वी पायदळ पलटण, फ्रान्सला पोचली तेव्हा प्रथम तिच्याही वाट्याला असलेच काम आले. पुढे अमेरिकन सेनापतींनी ती फ्रेंच सैन्याच्या हवाली केली. फ्रेंचांना माणसे हवी होती आणि त्यांनी रंग पाहिला नाही. फ्रेंच बंदुका, फ्रेंच शिरस्त्राणे आणि अंगावर मात्र अमेरिकन गणवेश, अशा थाटात ही पलटण १९१ दिवस आघाडीच्या खंदकांत राहिली.

१९१८ सालच्या १४ मेची रात्र उलटून १५ तारीख लागली होती. आर्गॉनच्या जंगलाजवळ एका पुढच्या चौकीवर जॉन्सन आणि नीडम रॉबर्ट्‌स नावाचा दुसरा एक जवान असे दोघे पहाऱ्यावर होते. अंधारात तारा कापल्याचा आवाज आला. पाठोपाठ जर्मन टोळीचा छापा पडला. टोळीत किमान बारा माणसे होती, असे पुढे सरकारी मानपत्रात नमूद झाले. रॉबर्ट्‌स सुरुवातीलाच जबर जखमी झाला. जॉन्सनने हातबाँब फेकले. ते संपल्यावर बंदूक चालवली. बंदूक अडकली तेव्हा ती उलटी धरून दस्त्याने झोडपायला सुरुवात केली. इतक्यात काही जर्मन रॉबर्ट्‌सला उचलून नेऊ लागले. तेव्हा या गड्याने कमरेचा बोलो उपसला. बोलो म्हणजे फिलिपाइन्समधला जड पात्याचा सुरा. कोकणातल्या माणसाने तो पाहिला तर "हा तर आपला कोयताच" असे म्हणेल. त्या कोयत्यानिशी तो तुटून पडला, सोबत्याला सोडवले, आणि मदत येईपर्यंत जागा सोडली नाही. जर्मन मागे हटले. जॉन्सनच्या अंगावर एकवीस जखमा मोजल्या गेल्या.

फ्रेंच सरकारने दोघांनाही आपले युद्धपदक, 'क्रुआ द गेर', दिले. अमेरिकन वर्तमानपत्रांत जॉन्सनचे नाव गाजले. सरकारने त्याचे नाव आणि चित्र वापरून सैन्यभरतीची आणि युद्धकर्जाच्या तिकिटांची जाहिरात केली. १७ फेब्रुवारी १९१९ रोजी त्याची पलटण न्यूयॉर्कच्या मोठ्या रस्त्यावरून मिरवत गेली तेव्हा लोकांनी दुतर्फा दाटी करून जयजयकार केला.

इतके सगळे झाले. पण अमेरिकेने स्वतःचे म्हणून एकही पदक त्याला दिले नाही. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. सैन्यातून सुटताना त्याला जो कागद मिळाला त्यात त्याच्या जखमांचा उल्लेखच नव्हता. भिंतीवरच्या जाहिरातीत शूर, आणि दप्तरात धडधाकट! हमालीचे जुने काम आता त्याच्याने होईना. काही दिवस तो भाषणे देत फिरला. सेंट लुईस शहरी त्याने काळ्या शिपायांना गोऱ्या सोबत्यांकडून काय वागणूक मिळाली ते सरळ सांगून टाकले, आणि मग भाषणांची बोलावणीही बंद झाली. १९२९ च्या जुलैत तो वारला. वय चाळिशीच्या आतच.

आता तुम्ही म्हणाल, कागदात एक ओळ राहून गेली, त्याचा एवढा बोभाटा कशाला? तर त्यासाठी पदकांची जात समजून घेतली पाहिजे. पदके ढोबळमानाने दोन जातींची. एक हक्काचे. तुम्ही अमुक काळात, अमुक आघाडीवर, अमुक दिवस हजर होता, एवढे सिद्ध झाले की ते मिळायलाच पाहिजे. त्यात कोणाची मेहेरबानी नाही. आपल्याकडची उदाहरणे घ्यायची तर १९६५ च्या युद्धाचे रक्षा मेडल किंवा १९७१ चे संग्राम मेडल या जातीचे. दुसरे शौर्याचे. ते मागून मिळत नाही. कोणी तरी पाहिलेले असावे लागते, वरच्या अधिकाऱ्याने शिफारस लिहावी लागते, ती एकेक पायरी चढत वर जावी लागते. पहिल्या जातीला हजेरीचा कागद पुरतो. दुसरीला साक्षीदाराचा कागद लागतो. दप्तर दुरुस्त करायला निघालेल्या बहुतेक लोकांना हा फरक ठाऊक नसतो, आणि ते हक्काच्या पदकासाठी शौर्याच्या गोष्टी सांगत बसतात, नाही तर शौर्याच्या पदकासाठी नुसता नोकरीचा दाखला जोडतात.

जॉन्सनच्या बाबतीत पहिले अमेरिकन पदक आले ते १९९६ साली. 'पर्पल हार्ट' असे त्याचे नाव. हे लढाईत जखमी झालेल्याला मिळते आणि ते हक्काच्या जातीचे आहे. जखमा सिद्ध झाल्या की पदक आले. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, की सुटीच्या कागदात जखमा नोंदल्या गेल्या नाहीत म्हणून त्याला हयातीत पर्पल हार्ट नाकारले गेले. हे बरोबर नाही. आजच्या रूपातले हे पदक सुरूच झाले १९३२ मध्ये. जॉन्सन त्याआधी तीन वर्षे मेला होता. जे पदक अस्तित्वातच नव्हते ते नाकारणार कसे? रिकाम्या कागदाने नुकसान केले हे खरे, पण ते असे. अन्यायाची गोष्ट सांगताना आपण तिला दोन टाके जास्तच घालतो. वर्गात मुलांना इतिहास सांगणाऱ्याने तरी हा मोह आवरावा.

यानंतरची पायरी अवघड होती. अल्बनीतले काही माजी सैनिक, स्थानिक लोक आणि त्या राज्यातले लोकप्रतिनिधी यांचे म्हणणे असे, की या माणसाला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक, 'मेडल ऑफ ऑनर', मिळाले पाहिजे. आपल्या परमवीर चक्राच्या तोलाचे ते. सैन्यखात्याने कागद तपासले आणि २००२ मध्ये त्याच्या खालचे पदक, 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस', मंजूर केले. सर्वोच्च पदक मात्र नाही. कारण? शौर्याबद्दल कोणाला शंका नव्हती. पण त्या काळच्या अमेरिकन अधिकाऱ्यांच्या साखळीतून आलेला पुरेसा कागद नव्हता. फ्रेंचांचे पदक होते, वर्तमानपत्रांचे रकाने होते, लोकांची श्रद्धा होती. कीर्ती हा पुरावा नव्हे, असे दप्तराचे म्हणणे. ऐकायला हे कठोर वाटते. मलाही वाटले. पण जरा विचार करा, कीर्तीवर पदके वाटायची ठरवली तर ज्याच्या मागे बोलणारे जास्त त्याच्या छातीवर पदके जास्त, असे होऊन बसेल.

मग २०११ मध्ये तो कागद सापडला. न्यूयॉर्कचे सिनेटर चक शूमर यांच्या कचेरीतले लोक जुनी कागदपत्रे चाळीत असता त्यांना सरसेनापती पर्शिंग यांनी मे १९१८ मध्ये, लढाईनंतर थोड्याच दिवसांत, पाठवलेला एक खलिता मिळाला. फ्रान्समधल्या सगळ्या अमेरिकन फौजांचे हे मुख्य. त्यांनी त्यात या दोघा काळ्या पहारेकऱ्यांच्या कामगिरीची वाखाणणी केली होती. कागद गुप्त नव्हता, कोणी दडवला नव्हता. त्र्याण्णव वर्षे तो होता तेथेच होता, फक्त जॉन्सनच्या प्रकरणाला कोणी जोडला नव्हता.

पुरावा मिळाला तरी काम संपले नाही. शौर्यपदकाची शिफारस घटनेपासून ठरावीक वर्षांच्या आत झाली पाहिजे, असा तिकडे कायदा आहे. ती मुदत केव्हाच टळलेली. म्हणून अमेरिकेच्या लोकसभेने आणि सिनेटने डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षणखात्याच्या वार्षिक कायद्यात या एका प्रकरणापुरती मुदत माफ केली. अखेर २ जून २०१५ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी हेन्री जॉन्सनला मेडल ऑफ ऑनर दिले. त्याच दिवशी विल्यम शेमिन नावाच्या एका ज्यू शिपायालाही ते मिळाले. १९१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने गोळीबारातून पुन:पुन्हा जाऊन जखमी सोबती उचलून आणले होते. आपल्या बापाचे काम धर्मामुळे कमी लेखले गेले असे त्याच्या मुलीला वाटत होते, आणि तिने वर्षानुवर्षे लिहून-लिहून तपासणी करायला लावली होती. ती म्हातारी बाई पदक घ्यायला स्वतः हजर होती.

जॉन्सनचे पदक घ्यायला मात्र घरचे कोणी नव्हते, आणि त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्याचा मुलगा म्हणून ओळखले जाणारे एक वृद्ध गृहस्थ, स्वतः दुसऱ्या महायुद्धात विमानदलात काम केलेले, अनेक वर्षे या प्रकरणासाठी झिजले होते. आधीचे पदक त्यांनीच स्वीकारले. २००४ मध्ये ते गेले. पुढे सर्वोच्च पदक देण्याआधी सैन्यखात्याच्या वंशावळ तपासणाऱ्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा या घराण्याचे जॉन्सनशी रक्ताचे नाते नाही असे निघाले! ज्या कुटुंबाने दप्तर उघडायला लावले, त्यालाच दप्तराने बाहेर काढले. शेवटी न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधील एका सार्जंट मेजरने ते पदक त्याच्या वतीने घेतले.

आणखीही एक. सगळ्यांची समजूत अशी, की जॉन्सनला अल्बनीत बेवारशासारखे कुठे तरी पुरले. ही करुण कथा वर्षानुवर्षे सांगितली जात होती. २००१ च्या सुमारास दफनाच्या नोंदी पाहता असे आढळले, की राजधानीजवळच्या आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत १९२९ साली त्याला सन्मानाने पुरलेले आहे. मग ते थडगे इतकी वर्षे सापडले का नाही? कारण तेथे नोंद 'विल्यम हेन्री जॉन्सन' या पुऱ्या नावाने होती आणि लोक शोधत होते 'हेन्री जॉन्सन'. एका नावाचा फरक. आपल्याकडे तर काय विचारता! घरी 'बाबू', शाळेत 'बाबूराव', पलटणीत इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले, आडनावाच्या जागी कधी गावाचे नाव तर कधी बापाचे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने पणजोबांचे लष्करी कागद आणून दाखवले होते. त्यांतले नाव आणि सातबारावरचे नाव शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसे वाटावीत. नंबर पाहिला आणि गावाचे नाव पाहिले तेव्हा उलगडा झाला.

तर दप्तर दुरुस्त होते ते असे, दोन्ही अंगांनी. आपल्याला हवे तेवढेच दुरुस्त करून घ्यायचे आणि नको ते झाकून ठेवायचे, अशी सोय त्यात नाही.

जॉन्सनचे प्रकरण ठळक म्हणून मी ते विस्ताराने सांगितले. त्याच्याहून मुकी प्रकरणे किती तरी. फ्रेडी स्टोअर्स नावाचा काळा कॉर्पोरल २८ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये आपल्या तुकडीच्या पुढे राहून लढता लढता मेला. त्याच्यासाठी सर्वोच्च पदकाची शिफारस तेव्हाच लिहिली गेली होती. म्हणजे साक्षीदाराचा कागद होता! पण तो पुढे सरकलाच नाही. सैन्यखात्याने सत्तर वर्षांनी जुनी दप्तरे तपासली तेव्हा ती शिफारस हाती लागली, आणि १९९१ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष थोरले बुश यांनी ते पदक त्याच्या दोन वृद्ध बहिणींच्या हाती दिले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या काळ्या शिपायाला मिळालेले ते पहिले मेडल ऑफ ऑनर. दुसऱ्या महायुद्धात तर एकाही काळ्या शिपायाला ते मिळालेले नव्हते. मग सैन्यखात्याने एका विद्यापीठाकडून चौकशी करवली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते एकदम दिले. सातांपैकी जिवंत एकच, व्हर्नन बेकर. बाकी सहा जणांसाठी नातेवाइकांनी आणि इतरांनी हात पुढे केले.

ही झाली अध्यक्षांच्या दरबारातली प्रकरणे. सामान्य शिपायाचे काय? त्याच्यासाठी अमेरिकेत एक चांगली व्यवस्था आहे. पूर्वी सैनिकाच्या कागदात चूक असेल तर लोकसभेत त्याच्या नावाने खासगी विधेयक आणावे लागे. हा पसारा इतका वाढला, की १९४६ च्या कायद्याने ती वाट बंद केली आणि त्यानंतर प्रत्येक सैन्यदलासाठी दप्तर-दुरुस्तीची मंडळे नेमली गेली. मंडळावर गणवेशातले अधिकारी नसतात, मुलकी माणसे असतात. शिपाई हयात नसेल तर त्याची विधवा, जवळचा वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो. चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा असा नियम आहे. परंतु न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ती मुदत सोडून देते. सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या कागदाला १९५० पासून तिकडे 'डीडी २१४' म्हणतात. त्यात राहिलेले पदक चढवायचे झाले तर जुना कागद फाडत नाहीत, खोडतही नाहीत. त्याला 'डीडी २१५' नावाचा दुरुस्तीचा कागद जोडतात. चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. मला हे फार आवडले. आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख बदलताना जी खाडाखोड होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले मर्म कळेल.

पण मंडळ चांगले असून भागत नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी दप्तराच्या इमारतीला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्या माणसांच्या शेकडा ऐंशी फायली गेल्या. त्यांच्या नकला नव्हत्या. सूचीही नव्हती, त्यामुळे नेमके काय जळाले हेसुद्धा सांगता येईना. ज्यांचे बाप आणि आजे दोन्ही महायुद्धांत होते, त्यांच्या मुलानातवंडांच्या हाती राख आली. मग उभे कशावर राहायचे? तर आडवाटेच्या कागदांवर. पलटणीचा रोजचा हजेरीपट, पगाराच्या पावत्या, इस्पितळाच्या नोंदी, छापील हुकूम, सोबत्यांची शपथेवरची निवेदने, घरी आलेली पत्रे, आणि शिपायाने स्वतः पेटीत जपून ठेवलेला सुटीचा कागद. सरकारची फाईल जळाली तेथे एखाद्या आजीच्या पेटीतला एकुलता कागद सरकारने मान्य करून नव्या फाईलला लावला, अशी उदाहरणे तिकडे पुष्कळ आहेत.

आता आपल्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे हल्लीच्या इराकात, लढल्या. पुणे डिव्हिजन म्हणून जी फौज कुत शहरी वेढ्यात अडकली तीत आपले लोक होते. त्या आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांचे थडगे नाही अशांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांची कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे घातले. गावच्या पाटीवर जे, तेच बसऱ्याला. युद्धातील थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ मंडळाने २०२१ मध्ये स्वतःच्याच कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या युद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, असे त्यात कबूल केले आहे. त्यांत हिंदी शिपाई आहेत, आफ्रिकेतलेही आहेत. कबुली दिली, पण नावे शोधण्याचे काम कोणी तरी केल्याशिवाय ती दगडावर येत नाहीत.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझे एक सांगणे आहे. तुमच्या गावात ज्या घरातून कोणी पलटणीत गेले असेल, त्या घरी एकदा जा. कागद मागू नका, बघू द्या म्हणा. डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा हुकूम, जुने पोस्टकार्ड, गणवेशातला फोटो, जे निघेल ते. त्यातला नंबर, हुद्दा, पलटण आणि भरतीची तारीख वहीत उतरून घ्या. नंबर सर्वांत महत्त्वाचा, नाव त्याच्या खालोखाल. नाव जसे लिहिले असेल तसेच उतरा, आपल्या मते शुद्ध करून लिहू नका. जॉन्सनचे थडगे नावातच हरवले होते.

स्वातंत्र्यानंतर सैन्यात असलेल्यांच्या घरच्यांनी हे जरूर तपासावे, की डिस्चार्ज बुकात जी पदके लिहिली आहेत ती प्रत्यक्ष हातात आली का, आणि जी यायला हवीत ती बुकात लिहिली आहेत का. पुष्कळ जण पेन्शनीत निघाले, गावी आले, शेतीला लागले. पदके नंतर निघाली आणि ती आणायला कोणी गेलेच नाही. अशा वेळी पहिली पायरी म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तेथून अर्ज त्या-त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे दप्तर बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला. अर्जात शौर्याची कहाणी नको. नंबर, नाव, पलटण, भरती आणि सुटीच्या तारखा, कोणते पदक आणि ते कशामुळे मिळायला पाहिजे, अर्जदाराचे मृताशी नाते. एवढे पुरे. सोबत नकला जोडा. मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नका, मग तो कितीही मोठा साहेब असो.

आणि घरात जर पहिल्या महायुद्धातले पदक असेल, तर त्याचा दर्शनी भाग तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. आता त्याची कड पाहा. रुपयाच्या कडेवर दाते असतात ना, तशा त्या अरुंद कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. अक्षरे बारीक आणि इंग्रजी असतात, उजेडात तिरपे धरून भिंगाने वाचावी लागतात. फक्त एक करा. दसरा-दिवाळीला घरातली भांडी उजळायला काढाल तेव्हा चिंच आणि राख लावून हे पदक घासू नका. कडेवरची अक्षरे त्यानेच झिजतात.